शिवाजीनगरची रांग

शिवाजीनगर हे नाव ऐकून मराठी पाहुणा क्षणभर सुखावतो. पण बेंगळुरूच्या या वस्तीत कानी पडतात तमिळ, कन्नड आणि उर्दू. येथील सेंट मेरी चर्चला १९७३ मध्ये बॅसिलिकेचा मान लाभला. २९ ऑगस्टला ध्वज चढतो, ८ सप्टेंबरला साडी नेसलेल्या मारियामातेचा जन्मोत्सव होतो. अनवाणी भाविकांची भगवी वस्त्रे पाहून पंढरीच्या पताका न आठवल्या तरच नवल! रांगेत हिंदू, मुसलमानही असतात. कोणी जवळच्याच बाउरिंग रुग्णालयात आजारी मूल ठेवून आलेला असतो. त्याची भाषा शेजारणीला कळत नाही. ती स्वतःच्या ज्योतीवर त्याची मेणबत्ती पेटवून देते. रांग पुढे सरकते; नाव विचारायचे राहूनच जाते.