त्वचेची साक्ष आणि रक्ताचा दाखला

त्वचा ही शरीरावरची नुसती खोळ नसून आतल्या कारभाराची वार्ता बाहेर आणणारे इंद्रिय आहे, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लंडनच्या गायज् रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली मूत्रपिंडांवरील ग्रंथींच्या विकाराचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात रोग्याच्या अंगावर चढणाऱ्या काळपट छटेलाच त्यांनी प्रमुख लक्षण मानले होते. परंतु साक्षीदाराची जबानी ऐकणे निराळे आणि तिचा अर्थ लावणे निराळे. आणि त्वचेच्या बाबतीत आपल्याकडे अर्थ लावण्यातच अधिक घोटाळा होतो. जुन्या समजुती प्रत्येक डागाचा दोष कुठल्यातरी पथ्यावर ढकलीत. नव्या समजुती तो कुठल्यातरी ‘कमी’वर ढकलतात आणि प्रयोगशाळेकडे धाव घेतात. अशा काही समजुतींची येथे छाननी करू.

गैरसमज : मासे खाऊन वर दूध प्यायले की कोड उठते, आणि मुलाच्या गालावर पांढुरके चट्टे आले की कॅल्शियम कमी आहे किंवा पोटात जंत आहेत.

वस्तुस्थिती : कोडात शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करते, या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा भाग असतो, आहारातील जोडीचा नव्हे, आणि हा विकार संसर्गाने पसरत नाही. मात्र जी यंत्रणा त्वचेवर उलटते ती कित्येकदा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवरही उलटते, म्हणून कोड असलेल्या रोग्याची थायरॉइडची तपासणी करण्याला सबळ कारण आहे. मुलांच्या गालांवरील फिकट, किंचित कोंडा सुटणारे चट्टे ही बहुधा कोरड्या, नाजूक त्वचेची सौम्य दाहजन्य अवस्था असून उन्हाने भोवतालची कातडी रापली म्हणजे ते अधिक उठून दिसतात. साधे तेलकट मलम आणि थोडा धीर एवढाच त्यांचा इलाज, कॅल्शियमच्या बाटल्या नव्हेत.

गैरसमज : मानेवरचा काळेपणा म्हणजे साचलेला मळ, नीट घासला की जातो.

वस्तुस्थिती : मान, काख, जांघ अशा घड्यांच्या ठिकाणी कातडी काळपट, जाडसर आणि मखमलीसारखी होते तेव्हा तिचे कारण बहुतेक वेळा रक्तातील इन्सुलिनच्या आधिक्यात असते. स्थूलतेमुळे ऊती इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते वाढत्या प्रमाणात सोडते, आणि हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढीचा हुकूम देते. घासण्याने काळेपणा जात नाही, उलट कातडी सोलवटते. उपाशीपोटी रक्तशर्करा व तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी करून घेणे आणि वजन उतरविणे हेच येथे उचित.

याच मानेने एके काळी नेमकी उलट कैफियत मांडली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा रोगात उन्हाला उघड्या पडणाऱ्या मानेभोवती करपल्यासारखा पट्टा उमटतो. अठराव्या शतकात त्याची नोंद करणाऱ्या स्पॅनिश वैद्याच्या नावाने त्याला ‘कॅसलचा हार’ म्हणतात. युरोप-अमेरिकेत हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांत दिसे. दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत आढळला, आणि हैदराबादच्या पोषण-संशोधन संस्थेतील डॉ. कोलत्तूर गोपालन यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. एकाच मानेवरचा काळा रंग एके काळी दारिद्र्याची खूण होता, तर आज तो बहुधा अतिरिक्त पोषणाची खूण आहे. तेव्हा डाग पाहून गोळी देता येत नाही, माणसाची हकिकत विचारावीच लागते.

गैरसमज : तोंडावर मुरुमे आली म्हणजे रक्त बिघडले किंवा हार्मोन बिघडले.

वस्तुस्थिती : अँड्रोजन वर्गातील हार्मोनांमुळे त्वचेतील तैलग्रंथी फुगतात, रोमरंध्रे तुंबतात, जंतू व दाह यांची त्यात भर पडते आणि तारुण्यपिटिका उठतात, हे खरे, पण बहुसंख्य तरुण-तरुणींच्या रक्तात या हार्मोनांचे प्रमाण अगदी यथास्थित असते, त्यांच्या ग्रंथीच तेवढ्या हळव्या असतात. म्हणून सरसकट तपासणी व्यर्थ होय. मात्र पाळी अनियमित असणे, हनुवटीवर राठ केस येणे, डोक्याचे केस विरळ होणे किंवा मुरुमे एकाएकी व जोराने उठणे अशी लक्षणे असतील, तर १९३५ साली स्टाइन व लेव्हेन्थल यांनी वर्णिलेल्या, आज पीसीओएस या नावाने घरोघर माहीत झालेल्या विकाराचा तपास करावा. हे रक्त शक्यतो सकाळी आणि पाळीच्या आरंभीच्या दिवसांत द्यावे, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास तसे आधी सांगावे, कारण त्या गोळ्या आकडेच बदलून टाकतात.

गैरसमज : जीवनसत्त्वे घेतल्याने फायदा नाही झाला, तरी तोटा होत नाही.

वस्तुस्थिती : ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने त्वचा रखरखीत होते, केस गळतात, आणि गर्भवतीच्या पोटातील बाळाला अपाय होतो. ‘बी-१२’ची उणीव आपल्या शाकाहारी कुटुंबांत खरोखरीच पुष्कळ आढळते आणि ती बोटांच्या पेरांवर काळेपणाच्या रूपाने प्रकटही होते, परंतु त्याच ‘बी-१२’च्या मोठ्या मात्रांनी काहींना मुरुमांसारखे पुरळ उठते. बायोटिनची तऱ्हा याहून विलक्षण आहे. त्याची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असताना केसांसाठी म्हणून खपणाऱ्या गोळ्यांत ते पुष्कळदा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असते, आणि ते रक्तात राहिले तर तपासणीच्या काही पद्धतींत थायरॉइडचे आकडे असे फिरतात की निरोगी मनुष्य थायरॉइडच्या अतिस्रावाचा रोगी ठरावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली यासंबंधी जाहीर इशारा दिला. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस हे औषध थांबवावे, मात्रा मोठी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याहून अधिक.

गैरसमज : एकदाच सगळ्या तपासण्या करून टाकाव्यात, म्हणजे शंका उरत नाही.

वस्तुस्थिती : प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘सामान्य मर्यादा’ सामान्यतः अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी शंभरातील ९५ तीत बसावेत, म्हणजे निरोगी मनुष्याने एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यांतील निदान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याचा संभव शंभरात सुमारे ६४ इतका असतो. शिवाय आकडा कोणत्या परिस्थितीत घेतला तेही पाहावे लागते : ताप वा दाह असता रक्तातील जस्त उतरते, आणि लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन मात्र चढते, त्यामुळे एकीकडे नसलेली उणीव दिसते आणि दुसरीकडे असलेली झाकली जाते. तेव्हा डॉक्टर तपासणी लिहून देतील त्या वेळी तिचा निकाल असा आला तर इलाज काय आणि तसा आला तर काय, हे त्यांना अवश्य विचारावे; दोन्ही निकालांनी उपचार तोच राहणार असेल, तर ते रक्त देण्याचे प्रयोजन नाही.