वृद्धनिवासातील जंतुसंसर्ग

अंगात ताप भरला की शरीरात कोठेतरी जंतूंशी झुंज चालू आहे, हे आपण ओळखतो. तरुण माणसाच्या बाबतीत हा इशारा सहसा वेळेवर मिळतो. वृद्धांच्या बाबतीत मात्र तो पुष्कळदा मिळतच नाही. ऐंशी वर्षांच्या एखाद्या आजींना न्युमोनिया झालेला असूनही त्यांचे अंग गार लागते आणि खोकला नाममात्र असतो. सकाळी त्या चहाला उठत नाहीत, परिचारिकेला मुलीच्या नावाने हाक मारतात किंवा न्हाणीघराकडे जाताना तोल जाऊन पडतात, एवढेच काय ते घडते. पाहणारा म्हणतो, ‘वयच झाले आता.’ आणि उपचाराचे मोलाचे एकदोन दिवस निघून जातात.

याचे कारण वार्धक्यात होणाऱ्या शारीरिक बदलांत आहे. उतारवयात रोगप्रतिकारशक्तीचा प्रतिसाद मंदावतो. शिवाय वृद्धांचे नेहमीचे तापमानच तरुणांपेक्षा बहुधा थोडे कमी असते. म्हणून अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली निवासगृहांतील वृद्धांसाठी तापाच्या निराळ्या कसोट्या सुचविल्या. तोंडात घेतलेले तापमान एकदाच १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेले, किंवा पुनःपुन्हा ९९ अंशांच्या वर आढळले, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांनी वाढले, तर तो ताप समजावा. यांतील तिसरी कसोटी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नेहमीचे तापमान अगोदर नोंदलेले नसेल, तर ती लावताच येणार नाही.

स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धाचा आजार ओळखण्यास विलंब झाला, तर त्याची झळ मुख्यतः त्यालाच लागते. निवासगृहात तसे नसते. तेथे पंगत एक असते, न्हाणीघर सामाईक असते आणि एकच परिचारक दहा जणांना उठवतो, भरवतो, आंघोळ घालतो. त्याच्या हातांवाटे अतिसाराचे जंतू आणि खरजेचे किडे एका अंथरुणाकडून दुसऱ्याकडे जातात. खरूज प्रथमच झाली असेल, तर खाज सुटण्यापूर्वीच कित्येक आठवडे लोटतात. तोवर ती इतरांना झालेली असते.

अशा विलंबाची केवढी किंमत मोजावी लागते, ते २०२० साली दिसून आले. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात कोविडची साथ उघडकीस आली. १८ मार्चपर्यंत तिच्याशी संबंधित १६७ रुग्ण आढळले. त्यांत १०१ निवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीस आलेली माणसे होती. निवाशांपैकी सुमारे एकतृतीयांश दगावले. काही कर्मचारी आजारी असतानाही कामावर येत होते आणि काही एकाहून अधिक संस्थांत काम करीत होते, असे चौकशीत दिसले. त्याच परगण्यातील दुसऱ्या एका शुश्रूषागृहात मार्च महिन्यात ७६ निवाशांची तपासणी झाली. तीत ४८ जणांना संसर्ग झालेला आढळला. परंतु त्यांपैकी २७ जणांत तपासणीच्या वेळी कोणतेच लक्षण नव्हते. केवळ लक्षणांवर विसंबून रुग्ण वेगळे काढले असते, तर निम्म्याहून अधिक सुटले असते.

याउलट, रोग नसताना उपचार करणे हीदेखील चूकच होय. निवासगृहांतील पुष्कळ वृद्धांच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जंतू सापडतात. एवढ्यावरून प्रतिजैविके देण्याने रुग्णाला लाभ होत नाही. उलट औषधांना दाद न देणारे जंतू मात्र बळावतात. म्हणून अहवालाबरोबर माणूसही पाहावा लागतो.

प्रतिबंधाचे उपाय साधेच आहेत. प्रत्येक निवाशाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवावेत. नोरोव्हायरसमुळे होणाऱ्या अतिसारात अल्कोहोलयुक्त द्रव पुरेसा पडत नाही. तेथे साबण आणि पाणीच हवे. लघवीसाठी बसविलेली नळी गरज संपताच काढावी. तोंडाची निगा राखण्याकडे दुर्लक्ष करू नये. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचे तोंड रोज नीट स्वच्छ केले जाई त्यांच्यापैकी ११ टक्के, तर इतरांपैकी १९ टक्के वृद्धांना न्युमोनिया झाला. इन्फ्लुएंझाची लस निवाशांप्रमाणे परिचारकांनीही घ्यावी. आणि आजारी परिचारकाला पगारी रजा मिळावी. रजा घेतली की ज्याची रोजी बुडते, तो दुखणे अंगावर काढतो आणि ते घेऊनच कामावर येतो.

आपल्या देशात आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आणि किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासगृह राज्य शासनांनी टप्प्याटप्प्याने उभारावे, अशी त्यात तरतूद आहे. दीडशे वृद्ध एका छपराखाली आणताना खाटा आणि भोजन यांबरोबर आणखी एका गोष्टीची तजवीज करावयास हवी. ती म्हणजे प्रत्येक निवाशासाठी एक वही. तो एरवी किती जेवतो, किती चालतो, कसा बोलतो, त्याचे नेहमीचे तापमान किती, हे तीत नोंदलेले असावे. काल दोन पोळ्या खाणाऱ्या आजोबांनी आज ताट सरकवले, तर ते प्रथम परिचारकाच्या ध्यानात येते. ते त्याने त्याच दिवशी सांगावे आणि सांगितलेले कोणी तरी ऐकून घ्यावे, अशी व्यवस्था ज्या निवासात असेल, तेथे आजार ओळखण्यासाठी तापाची वाट पाहत बसावे लागणार नाही.