जुन्या संगणकाची डागडुजी : भाग ७ – पान का उघडत नाही?

मागच्या भागात रॅम वाढवली. यंत्र आता झटपट सुरू होते, पण ब्राउझर उघडला की रडगाणे तेच: कनेक्शन सुरक्षित नाही. दुकानात नेले तर सल्ला ठरलेला, ‘फॉरमॅट मारा’. मारा खुशाल, तोच विंडोज पुन्हा टाकणार असाल तर अडचणही बहुधा तीच पुन्हा येईल.

विंडोज एक्सपी आणि क्रोम ही जोडी घेऊ. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. एक्सपीवरचे क्रोम २०१६ मध्ये ४९व्या आवृत्तीवर अडकले ते कायमचे.

आधी तारीख पाहा. कोपऱ्यातल्या घड्याळात फक्त वेळ दिसते, म्हणून त्यावर माउस नेऊन वर्षही बघा. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणक २००२ सालात बसला असेल, तर आजचे सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून सुरूच झालेले नाही. तारीख दुरुस्त करून, संगणक बंद करून प्लग काढला आणि पुन्हा लावल्यावर ती मागे गेली, तर मदरबोर्डवरचा सेल संपला म्हणायचा. बऱ्याच यंत्रांवर सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम’ची तक्रार येते आणि एफ १ दाबल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. हा सेल बहुतेक सीआर २०३२ असतो: तीन व्होल्टचा, बटणासारखा चपटा. प्लग काढायचा, कडेची पट्टी नखाने बाजूला सारायची, जुना सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकचे चिन्ह वर. एवढ्यासाठी मजुरी देऊ नका.

तारीख बरोबर आहे, काही साइट उघडतात आणि काही अडतात? मग सर्टिफिकेट देणाऱ्या ज्या संस्थांवर संगणक विश्वास ठेवतो, त्यांच्या मूळ सर्टिफिकेटांची यादी शिळी झाली आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था साइटना फुकट सर्टिफिकेट देते. जुन्या यंत्रांवर ही सर्टिफिकेटे ज्या मूळ सर्टिफिकेटच्या जोरावर चालत, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि नवे मूळ एक्सपीच्या यादीत नाही. क्रोम ४९ विंडोजची यादी वाचते; फायरफॉक्स मात्र आपली यादी सोबत बाळगते. म्हणून फायरफॉक्स ५२ टाकले की त्याच एक्सपीवर अशा बऱ्याच साइट उघडतात. इंटरनेट एक्सप्लोरर ८ च्या नादी लागूच नका. त्याची गुप्त संवादाची पद्धत इतकी जुनी आहे की आजचे बहुतेक सर्व्हर त्याच्याशी बोलणेच नाकारतात.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा. पान उघडते, कुलूपही दिसते, पण आत सगळे पांढरे. लोक इथे नेटला शिव्या घालतात. क्रोममध्ये एफ १२ दाबा आणि ‘कन्सोल’ उघडा. तिथे लाल अक्षरांत ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ दिसले की दोष नेटचा नाही. जावास्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह आणि लगेच टिंब अशी नवी खूण क्रोमला २०२० मध्ये, ८०व्या आवृत्तीपासून कळू लागली. जुन्या ब्राउझरला ती एकदा भेटली तरी तो तेवढीच ओळ सोडून पुढे जात नाही, त्या फाइलमधला सगळा कोड टाकून देतो. आणि पान उभेच त्या फाइलवर असेल तर काय दिसणार! कॅश पुसून, सेटिंग बदलून यावर इलाज होत नाही. फायरफॉक्स ५२ सुद्धा इथे हात टेकते. त्याचाही सपोर्ट २०१८ मध्ये संपला, त्यामुळे एक्सपीवरून बँकेचे व्यवहार नकोच.

विंडोज ७ वाल्यांचे बरे आहे. क्रोम त्यांच्याकडे १०९ वर थांबले असले, तरी फायरफॉक्स ११५ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती चालते. फक्त ती ११५.१३ किंवा त्यापुढची हवी. त्याआधीच्या आवृत्तीत फायरफॉक्सचे स्वतःचेच एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ रोजी संपले आणि ॲड-ऑन रुसले. ते काढून पुन्हा टाकत बसू नका. ब्राउझर अपडेट करा.