चायना ग्रासच्या पलीकडे

किराणा दुकानातल्या चायना ग्रासच्या पांढऱ्या पट्ट्या आपल्याकडे अनेक वर्षे वापरात आहेत. पाण्यात विरघळवून दुधात घातल्या की तासाभरात वड्या पडतात, आणि जिलेटिन नसल्यामुळे त्या उपासाच्या किंवा शुद्ध शाकाहारी घरातही चालतात. या पट्ट्या म्हणजे लाल सागरी शेवाळातून काढलेले अगार. आइस्क्रीमच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘४०७’ दिसले तर त्यात कॅराजिनन आहे. तेही लाल शेवाळाचेच. दंतवैद्य दातांचा साचा घेण्यासाठी जो लगदा तोंडात धरायला लावतात, त्यातले अल्जिनेट तपकिरी शेवाळातून येते. थोडक्यात, शेवाळ आपण कधीपासून खातो आहोत, फक्त पानात वाढलेले ओळखू येत नाही.

हे तिन्ही पदार्थ घट्टपणा आणणारे. शेवाळात ते भरपूर असतात आणि गरम पाण्याने किंवा सौम्य अल्कलीने सुटतात. गेल्या काही दशकांत संशोधकांचे लक्ष वेधले आहे ते दुसऱ्याच घटकांनी: पॉलिफेनॉल, फ्युकोझँथिनसारखी रंगद्रव्ये आणि फ्युकोयडनसारख्या गंधकयुक्त शर्करा. शरीराच्या क्रियांवर परिणाम करू शकणारी ही जैवसक्रिय द्रव्ये. यांपैकी पॉलिफेनॉल आणि रंगद्रव्ये तर अगदी अल्प असतात, सहज बिघडतात आणि एकमेकांत मिसळलेली असतात. ती वेगळी काढणे हेच खरे कौशल्य.

या कामाचा भारतातला एक महत्त्वाचा पत्ता समुद्रापासून बराच दूर आहे. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम वस्तीपासून जवळच, राजकन्या चेलुवाजम्मण्णी यांच्यासाठी बांधलेल्या चेलुवांबा मॅन्शनमध्ये, केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. २१ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झालेली ही संस्था सीएफटीआरआय या नावाने ओळखली जाते. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांसाठी पावडर बनवण्याची पद्धत इथेच विकसित झाली आणि पुढे ‘अमूल’ने ती घराघरांत नेली. याच संस्थेच्या मांस, मत्स्य व कुक्कुट तंत्रज्ञान विभागातील संशोधकांनी २००८ साली भारतीय किनाऱ्यावरच्या शेवाळांचे दोन अभ्यास प्रसिद्ध केले. एकात सरगॅसम, पॅडिना आणि टर्बिनेरिया ही तपकिरी शेवाळे होती. दुसऱ्यात ग्रॅसिलेरिया, कॅपाफायकस आणि ॲकँथोफोरा ही लाल शेवाळे. प्रश्न साधा होता: यांच्या अर्कात अँटिऑक्सिडंट गुण किती, आणि ते अर्काच्या नेमक्या कोणत्या भागात?

अर्क कसा निघतो?

ताज्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणी असते. आधी वाळू, शंख-शिंपले आणि मीठ धुऊन काढायचे, मग सुकवायचे. उन्हात सुकवणे स्वस्त पडते. पण फ्युकोझँथिनला प्रकाश आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत, म्हणून रंगद्रव्य हवे असेल तर सावलीच बरी. सुकलेल्या शेवाळाची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवतात, गाळतात आणि निर्वात दाबाखाली, मंद आचेवर मिथेनॉल उडवून लावतात. फिरत्या काचेच्या चंबूच्या तळाशी गडद, चिकट, समुद्राचा उग्र वास येणारा ऐवज उरतो. हा कच्चा अर्क.

खरी निवड त्यानंतर. कच्चा अर्क पाण्यात मिसळून तळाला तोटी असलेल्या नरसाळ्यात घेतात आणि त्यात एकामागून एक द्रावके घालून हलवतात. पेट्रोलियम ईथर वर तरंगते आणि मेद, हरितद्रव्य वगैरे आपल्याकडे ओढून घेते. डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसते. एथिल ॲसिटेटमध्ये बरीच पॉलिफेनॉल उतरतात. शेवटी पाण्यात क्षार आणि साखरेसारखे विद्राव्य घटक राहतात. एकाच शेवाळाचे असे चार-पाच भाग हाती येतात आणि प्रत्येकाचा गुण निराळा. त्यामुळे ‘शेवाळाचा अर्क’ एवढेच सांगून काहीच कळत नाही. कोणत्या शेवाळाचा आणि कशात काढलेला, हे सांगावे लागते.

गुण मोजण्याची एक चाचणी डोळ्यांनाही दिसते. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे द्रावण गर्द जांभळे असते. त्यात अर्क टाकला आणि त्यात दम असेल, तर जांभळा रंग फिकट होत पिवळसर होतो. किती फिकट झाला ते यंत्र मोजते आणि त्यावरून तुलना करता येते.

फ्युकोयडनची वाट वेगळी. मिथेनॉलने रंग-मेद काढून टाकल्यावर जो चोथा उरतो, तो सौम्य आम्लात गरम करतात. त्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड घातले की अल्जिनेट साकळून खाली बसते. ते गाळून उरलेल्या द्रवात अल्कोहोल ओतले की फ्युकोयडनचे धागे वेगळे होतात. स्वीडनच्या हाराल्ड किलिन यांनी १९१३ मध्ये हे द्रव्य प्रथम वेगळे केले.

परीक्षानळी आणि पोट

दिवाळीत भेट म्हणून ‘सुपरफूड’च्या बरण्या देण्याची पद्धत पडली आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. परीक्षानळीत जांभळा रंग उडाला म्हणजे माणसाचा आजार उडाला, असे होत नाही. पोटातले आम्ल, आतड्यांतले शोषण, यकृतातली उलथापालथ यांतून किती द्रव्य रक्तात पोहोचते, हा वेगळाच अभ्यास. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये फ्युकोझँथिन दिलेल्या उंदरांची चरबी घटल्याचे दाखवले. निष्कर्ष महत्त्वाचा होता, पण उंदरांपुरता. वजन कमी करणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींत हा फरक हमखास गळतो.

शिवाय मिथेनॉल विषारी. प्रयोगशाळेत तुलनेसाठी ते ठीक. खाण्याच्या पदार्थासाठी पाणी, इथेनॉल किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरावा लागतो. हा वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबापलीकडे नेला की द्रावकासारखे काम करतो आणि दाब काढताच उडून जातो, मागे काही ठेवत नाही. कॉफीतले कॅफीन याच तंत्राने काढतात. यंत्रे मात्र महाग.

तिसरी गोष्ट आयोडीनची. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. जपानी कोंबू शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट असू शकते. हिजिकी नावाच्या शेवाळात घातक प्रकारचे आर्सेनिक आढळल्याने ब्रिटनच्या अन्न नियंत्रकांनी ते खाऊ नये, असा सल्ला २००४ मध्येच दिला.

कोकणाचे काय?

मालवण, रत्नागिरीच्या खडकांवर सरगॅसम आणि हिरवे अल्वा वाढते. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या खडकांवर पॉर्फिरा येते. जपानी नोरीच्या पापडासारख्या चादरी ज्या शेवाळाच्या, त्याची ही जवळची नातलग. लागवडीत तामिळनाडू पुढे आहे, ती मुख्यतः कॅपाफायकसची. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सागरी शेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद ठेवली गेली. पण हेच परके कॅपाफायकस मन्नारच्या आखातात क्रुसाडाई बेटाजवळ प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली. म्हणून कोकणात आपल्याच जातींकडे आधी पाहावे.

दहा किलो ओले शेवाळ सुकले की फार तर एक-दोन किलो उरते आणि दमट हवेत त्यालाही बुरशी धरते. म्हैसूरची पद्धत कितीही चोख असली, तरी गावात स्वच्छ धुण्याची सोय, सावलीचे वाळवण आणि प्रत्येक खेपेचे आयोडीन-आर्सेनिक तपासणारी प्रयोगशाळा नसेल, तर अर्क काढायला योग्य कच्चा माल मिळणार नाही. बचतगटांना आणि मच्छीमार सोसायट्यांना अनुदान द्यायचेच असेल, तर ते आधी या तीन गोष्टींसाठी द्यावे.

आणि वाचकांनी एवढे करावे: शेवाळाची बरणी किंवा गोळ्या घेताना जात कोणती, अर्क कशात काढला आणि आयोडीन किती, हे वेष्टनावर शोधावे. नसेल, तर बरणी परत ठेवावी. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.