भिंतीत मुरलेला संसार

इंदापूर तालुक्यातल्या एका माळवदाच्या घरात कपाट नाही, टेबल नाही. तरी प्रत्येक वस्तूला जागा आहे. जाडजूड भिंतीतच कोनाडे सोडलेत. दिवा देवळीत, बरण्या फडताळात, कंदील खुंटीला, वाकळा-घोंगड्या वलणीवर. माजघराच्या कोपऱ्यात उतरंड: तळाशी डेरा, वर लहान होत गेलेली मडकी, त्यांत डाळी नि बियाणं. शेजारी ज्वारीची कणगी, शेणामातीनं लिंपलेली.

हा मुलूख कमी पावसाचा, म्हणून छप्पर सपाट. तुळया, त्यांवर लाकडाच्या चिपा, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असतो; पण पावसाआधी माळवदावर माती टाकली नाही, तर ते गळतं.

भुईचंही तसंच, ती पुन्हा पुन्हा सारवावी लागते. या घरातल्या मावशी घमेल्यात ताजं शेण, चाळलेली माती आणि पाणी कालवतात, काड्या-खडे वेचून टाकतात. आधी उखणलेली जागा लिंपतात. मग मागच्या भिंतीपासून उकिडव्या बसून दाराकडे सरकत येतात. तळहात सपाट, कोपरापासून फिरणारा. प्रत्येक नवा फेर आधीच्या फेरावर अर्धा चढलेला.

"पातळ झालं तर धूळ धरत न्हाई, घट झालं तर पोपडं निघत्यात," मावशी सांगतात. चुलीला मात्र रोज सकाळी पोतेरं फिरतं.

 

अशी घरं आता कमी होत गेलीत. कमी पावसाच्या बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्यानं १८८५पासून पाणी आणलं. पुढं ऊस आला, उसाच्या पैशानं स्लॅब आला. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. जुन्या पळसदेवसारखी गावं जलाशयात गेली, तिथली जुनी घरंही गेली. आज स्लॅबच्या घरात राहणाऱ्या बाईला फरशी पुसली की झालं. तिची पाठ मोडायची थांबली, हे चांगलंच झालं.

पण मातीच्या घराचा गारवा वाखाणताना तो टिकवणारे हात आपण हिशेबात धरत नाही. गवंड्याला, सुताराला मजुरी ठरलेली होती. सारवणाऱ्या बाईला कधीच नव्हती. शेणामातीचं प्रमाण, हाताचा दाब, वाळायचा वेळ हे सगळं कसबच आहे. जुनी घरं जपायची असतील, तर या कसबाला कारागिराचा मान आणि कारागिराची मजुरी द्यावी लागेल.