जुन्या पिकअपला नवा गिअरबॉक्स

सन १९४७ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत शेव्हरोले कंपनीनें आपल्या पिकअपचा नवा नमुना बाजारांत आणला. पुढें दोन-तीन माणसांपुरती बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा. शेतकऱ्यानें गवताच्या पेंढ्या, दुधाचे कॅन, प्रसंगीं एखादें वासरूंहि त्यांत घालावें आणि जवळच्या गांवीं जावें, एवढेंच काम तिच्याकडून अपेक्षित होतें. मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सचा मोटारजोडणीचा कारखाना होता; त्यामुळें शेव्हरोले हें नांव आपल्याकडेहि परकें नाहीं. या पिकअपपैकीं पुष्कळ तिकडे अद्याप चालतात. आजोबांची गाडी नातवाकडे येते, तो ती हौसेनें दुरुस्त करतो, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासांत त्याला कळून चुकतें कीं, गाडी तीच असली तरी रस्ता तो राहिलेला नाहीं.

१९५६ सालीं अमेरिकेंत राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला आणि पुढें देशभर रुंद, सरळ रस्ते बांधले गेले. त्यांवर ताशीं साठ मैल ही गति सामान्य समजली जाते. या पिकअपच्या मागील आंसाचें प्रमाण ४.११ आहे, म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास मधला दांडा चार वेळांहून थोडा अधिक फिरतो. चाकाचा व्यास २८ इंच धरला तर साठ मैलांच्या वेगास चाक मिनिटाला सुमारें ७२० वेळां फिरतें, आणि वरच्या गिअरमध्यें इंजिनास जवळजवळ २,९६० फेरे घ्यावे लागतात. २१६ घनइंचांचें हें सहा सिलिंडरचें इंजिन आपली सारी, म्हणजे ९० अश्वशक्ति ३,३०० फेऱ्यांच्या सुमारास देतें. तेव्हां साठ मैलांवर तें जवळजवळ धापा टाकीत असतें. शिवाय त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या टोकांना मऊ मिश्रधातूचें अस्तर असून तेथें तेल पोंचतें तें मुख्यतः लहान पळ्यांनीं उडवून. थोडा वेळ तें हें सोशील. तासन्‌तास सोसणें त्याच्या घडणींत नाहीं.

गिअरबॉक्स बदलण्याचा विचार येथून सुरू होतो. जुन्या खोक्यांत सर्वांत वरचा गिअर सरळ असतो. इंजिनाचा एक फेरा म्हणजे मधल्या दांड्याचा एक फेरा. बोर्ग-वॉर्नर कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत टी-५ नांवाचा पांच गिअरांचा बॉक्स काढला. त्याचा पांचवा गिअर सरळाच्याहि पुढें जातो. कांहीं नमुन्यांत त्याचें प्रमाण ०.७२ आहे, आणि तो लावला असतां वरील २,९६० फेऱ्यांचे सुमारें २,१३० होतात. इंजिनाची घरघर थांबते, गाडींत दोघांना बोलतां येतें. मस्टँगसारख्या गाड्यांत व्ही-आठ इंजिनाचा जोर या बॉक्सनें पेलला आहे. जुन्या शेव्हरोलेचा १७४ फूट-पौंडांचा पीळ त्याला जड नाहीं. पुढील सर्व गिअरांना सिंक्रोमेश असल्यामुळें पहिल्यांत घालण्यासाठीं गाडी पुरती थांबविण्याचें कारणहि उरत नाहीं.

आतां अडचण. हौशी मनुष्याची बहुधा अशी समजूत असते कीं, चार बोल्ट काढले, जुनें खोकें उतरविलें, नवें चढविलें, झालें. परंतु अर्ध्या टनाच्या या पिकअपमध्यें १९५४ पर्यंत मधला दांडा उघडा नव्हता. तो एका जाड नळींत बंदिस्त होता. ही नळी मागील आंसाला पक्की जोडलेली, व तिचें पुढचें टोक गिअरबॉक्सच्या मागें गोलाकार सांध्यांत बसलेलें. चाकें पुढें रेटूं लागलीं कीं आंसाचें धूड उलट वळूं पाहतें. तो पीळ ही नळी अडविते. टी-५ ला अशी नळी लावण्याची सोय नाहीं. म्हणून नळी काढावी लागते, आणि ती काढली कीं आंसाला आवरणारें कोणी राहत नाहीं. मग उघड्या दांड्याचा दुसरा आंस आणावा लागतो, आणि पाट्यांच्या बैठकी त्यावर पक्क्या सांधून तो पीळ पाट्यांवर सोंपवावा लागतो. खर्चाचा मोठा भाग येथें जातो, खोक्यावर नव्हे. आणि हें आधीं न समजल्यामुळें कित्येक गाड्या अर्ध्या उघडलेल्या स्थितींत कोठारांत पडून राहतात.

आंस निवडतांना गणित पुन्हां मांडावें. ३.०८ प्रमाणाचा आंस स्वस्त मिळाला म्हणून घेतला, तर साठ मैलांवर पांचव्या गिअरमध्यें इंजिन १,६०० च्या आंत घुटमळतें; लहानशा चढावर तें दम सोडतें व पांचवा गिअर शोभेचा होतो. जुन्या चाकांना सहा बोल्ट आहेत. नव्या आंसाला पांच असले तर जादा चाकहि दोन प्रकारचें बाळगावें लागेल. हँडब्रेकच्या तारा नव्यानें जोडणें आलेंच. बैठकी सांधाव्या त्या मात्र गाडीचें पूर्ण वजन चाकांवर आल्यावर. नाहीं तर दांड्याच्या दोन टोकांच्या सांध्यांचे कोन जुळत नाहींत आणि गाडी थरथरते.

पुढच्या बाजूस क्लचच्या तबकडीच्या खांचा नव्या दांड्याच्या खांचांशीं जुळल्या पाहिजेत, आणि दांड्याचें टोक इंजिनाच्या मागील बुशांत नीट बसलें पाहिजे. क्लचच्या घराचें मधलें भोंक इंजिनाच्या केंद्राशीं मोजून घ्यावें. पांच सहस्रांश इंचांहून अधिक फरक असला तर बेअरिंगें झिजतात. एस-१० या लहान पिकअपमधील टी-५ चा दांडका पुढें येतो. कॅमेरोमधील मागें, नेमका बसण्याच्या बाकाखालीं. म्हणून पहिला घेणें बरें. तेलाची चूक तर अनुभवी कारागीरहि करतात. १९८५ पासून आलेल्या ‘वर्ल्ड क्लास’ टी-५ मध्यें स्वयंचलित गिअरबॉक्सचें पातळ तेल लागतें; जुन्या संवयीनें दाट तेल ओतलें तर थंडींत गिअर पडत नाहीं.

गाडी शांत झाली कीं चालकाचा पाय नकळत खालीं जातो. ब्रेक मात्र १९४७ चेच असतात. चारहि चाकांना ड्रम आणि सर्वांना मिळून तेलाचा एकच मार्ग. तो एके ठिकाणीं फुटला तर पायाखालीं कांहीं उरत नाहीं. म्हणून दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर आधीं बसवावा आणि पांचवा गिअर मागाहून.

ज्याची गाडी दहा मैलांपलीकडे जात नाहीं, त्यानें या भानगडींत पडूं नये. जुन्या खोक्याची कुरकुर त्याला गोडच वाटेल. ज्यानें बदल केला, त्यानें काढलेली नळी, आंस व खोकें भंगारांत देऊं नयेत. तेल लावून, गोणपाटांत गुंडाळून, बोल्ट कशाचे तें चिठ्ठीवर लिहून तीं कोठारांत ठेवावीं. पुढच्या धन्याला गाडी पूर्ववत् करावीशी वाटली, तर हे भाग शोधीत त्याला फिरावें लागणार नाहीं.