कळसूबाईच्या माथ्यावर एकटा
आमचा जालना जिल्हा बहुतांशी सपाट. उत्तरेस काय ती अजिंठ्याची रांग. तेव्हा महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर, एकट्याने रात्र काढण्याचा बेत ऐकून घरची मंडळी धास्तावली.

बारी गावातून निघालो. पाठीवर कांबळे, दशम्या, पाणी. उजेडातच लोखंडी शिड्या मागे टाकल्या. रात्री वारा असा घोंगावू लागला, की बॅटरी हातातून सोडवेना. ‘वारं सुटलं तर देवळाच्या आडोशाला बसा, गुरुजी,’ असे गावातल्या एका आजींनी बजावले होते. तसाच बसून राहिलो. शिड्या कुणी ठोकलेल्या, वाट कुणी मळलेली, आडोसाही कुणी सांगितलेला! मग मी एकटा कसला?

पहाटे अलंग, मदन, कुलंग उजळले; भंडारदऱ्याचे पाणी चमकले. वाचकहो, एकटे जरूर जा. पायथ्याशी मात्र सांगून जा.